लीटरचे किलो, किलोचे लीटर: घनता वापरून गणितं कशी सोडवायची

एक लीटर शेंगदाणा तेलाची पिशवी घ्या. तिच्यावर वजनही छापलेलं असतं: साधारण 910 ग्रॅम. पूर्ण किलो का नाही? कंपनीने मापात पाप केलेलं नाही, तेलच पाण्यापेक्षा हलकं आहे. एक लीटर म्हणजे 1000 घनसेंटिमीटर, आणि दर घनसेंटिमीटरात 0.91 ग्रॅम तेल. 1000 गुणिले 0.91, झालं गणित.

पुढची सगळी उदाहरणं याच जातीची आहेत. तरी परीक्षेत ती चुकतात, आणि बहुतेक वेळा सूत्रामुळे नव्हे, एककांमुळे चुकतात.

आधी घनता भावासारखी वाचा

कांदा 30 रुपये किलो असेल तर अडीच किलोचे किती? गुणाकार. 90 रुपयांत किती येतील? भागाकार. यासाठी कुणी सूत्र पाठ करत नाही. घनता हा तसाच भाव आहे: एका घनसेंटिमीटरामागे इतके ग्रॅम. आकारमान दिलं असेल तर घनतेने गुणा, वस्तुमान हातात येतं. वस्तुमान दिलं असेल तर घनतेने भागा, आकारमान मिळतं.

पुष्कळ मुलं तीन अक्षरांचा त्रिकोण काढून एकेक अक्षर झाकतात. मला तो त्रिकोण आवडत नाही. ऐन परीक्षेत वर कोण आणि खाली कोण हेच आठवत नाही, एकक मात्र समोर लिहिलेलं असतं. ग्रॅमला 'ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर'ने भागलं की ग्रॅम कटतात आणि घनसेंटिमीटर उरतात. चुकून गुणलंत तर 'ग्रॅमचा वर्ग' असलं काहीतरी विचित्र उरेल, आणि चूक तिथल्या तिथे कळेल. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायचंच.

मग एककं जुळवा

इथे घाई नको. एका मीटरात 100 सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरात 100 घनसेंटिमीटर असं मन म्हणतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे 100 आहेत. 100 × 100 × 100 म्हणजे 10 लाख.

पाण्याची घनता 1 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मग घनमीटरभर पाणी 10 लाख ग्रॅम, म्हणजे 1000 किलो. त्यावरून कायमचा नियम: ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमधल्या आकड्याला 1000 ने गुणलं की किलोग्रॅम प्रति घनमीटर. पारा 13.6, म्हणजेच 13,600. गच्चीवरची 1000 लीटरची टाकी डोळ्यांसमोर आणा: ती बरोबर एक घनमीटर, आणि भरली की आत एक टन पाणी.

सापेक्ष घनता (पदार्थ पाण्याच्या किती पट जड) दिली असेल तर तिला एकक नसतं. तोच आकडा ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर समजून पुढे जा.

उलटं गणित: एक तोळा सोनं

सराफाचा हल्लीचा तोळा 10 ग्रॅमचा. शुद्ध सोन्याची घनता 19.3. 10 भागिले 19.3 म्हणजे 0.52 घनसेंटिमीटर. याचा ठोकळा केला तर घनमूळ काढून कड येते जेमतेम 0.8 सेंटिमीटर, म्हणजे 8 मिलिमीटर. एवढ्याशा ठोकळ्यासाठी एवढे पैसे!

उत्तर आलं की पाण्याशी ताडून बघा. 10 ग्रॅम पाणी 10 घनसेंटिमीटर जागा घेतं. सोनं पाण्याच्या जवळजवळ वीसपट जड, तेव्हा जागा विसाव्या भागाइतकी हवी. 0.52 बसतं. कुणाचं 193 आलं असेल तर त्याने भागायच्या जागी गुणलंय.

सळईचं सूत्र कुठून येतं

बांधकामावर सळईचं वजन काढायला 'डी स्क्वेअर बाय 162' म्हणतात. व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले 162, की मीटरमागे किलो. हा 162 म्हणजे आपली घनताच, वेश बदललेली.

एक मीटर सळई घ्या. छेदाचं क्षेत्रफळ 0.785 (म्हणजे π भागिले 4) × व्यासाचा वर्ग, चौरस मिलिमीटरमध्ये. चौरस मीटर करायला 10 लाखांनी भागा (इथे दोनच बाजू, पण मीटरात मिलिमीटर 1000). लांबी एक मीटर, म्हणून तोच आकडा घनमीटर. पोलादाची घनता 7850 किलोग्रॅम प्रति घनमीटर, तिने गुणा. 0.785 × 7850 भागिले 10 लाख, येतात सुमारे 0.00616. आणि 1 भागिले 162 केलं तरी जवळपास तेच, 0.00617. 12 मिलिमीटरची सळई: 144 भागिले 162, मीटरला 0.89 किलो. 12 मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास.

हवेलाही हेच लागू

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट: 1200 घनफूट. एक घनफूट 0.0283 घनमीटर, म्हणजे खोली सुमारे 34 घनमीटर. हवेची घनता साधारण 1.2 किलोग्रॅम प्रति घनमीटर. खोलीत 41 किलो हवा! पहिल्यांदा हे उत्तर आलं की बहुतेक जण गणित परत तपासतात.

घनता कशाची, तेही बघा

वाळू ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. पुस्तकात क्वार्ट्झची घनता 2650 सापडते, तिने गुणलं तर साडेसात टन येतात. ते चूक, कारण 2650 ही दगडाच्या कणाची घनता, आणि ढिगात कणांमधल्या फटी हवेने भरलेल्या असतात. कोरड्या, सुट्या वाळूच्या ढिगासाठी 1600 च्या आसपासचा आकडा घ्यावा लागतो, तेव्हा ब्रास साडेचार टनांवर येतो. शिवाय ओलसर वाळू फुगते, म्हणून तेवढेच कण जास्त ब्रास भरतात.