रिकामा बेड कळवण्याआधी : तालुक्यापासून मेडिकल कॉलेजपर्यंतच्या आयसीयूंची तयारी

आपापल्या आयसीयूतले रिकामे बेड एकमेकांना कळवायची सामायिक यादी सुरू करणार असाल, तर सगळ्यात आधी 'रिकामा' म्हणजे काय, ते एकत्र बसून ठरवा. गादी मोकळी दिसली की बेड रिकामा, असं धरलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. रिकामा म्हणजे गादी, मॉनिटर, ऑक्सिजनचा पॉइंट, चालू सक्शन (घशातला कफ ओढून घेणारं यंत्र) आणि त्या पाळीला त्या रुग्णाकडे बघायला मोकळी सिस्टर. व्हेंटिलेटरचा बेड म्हणत असाल तर मशीन कोपऱ्यात उभी असून भागत नाही. सर्किट, म्हणजे रुग्णापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या, बसवलेलं हवं आणि ती चालवणारा डॉक्टर रात्रीही हजर हवा. यातलं एक जरी नसेल तर बेड 'बंद' लिहा आणि कशामुळे बंद तेही लिहा. सफाईसाठी थांबलेला बेड थोड्या वेळात मिळतो, सिस्टर नाही म्हणून बंद असलेला पुढच्या पाळीपर्यंत मिळत नाही. पाठवणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे, कारण त्याच्याकडे गाडी सुरू करून उभी असते.

मी मराठवाड्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मण्यार चावलेलं एक लेकरू आमच्याकडे आलं. पापण्या मिटत चाललेल्या, श्वास उथळ. श्वासनळीत नळी टाकली, सापाच्या विषावरचं अँटिव्हेनम सुरू केलं, आणि आमची दोन्ही व्हेंटिलेटर अडकलेली म्हणून सकाळच्या निरोपावर विसंबून रात्री निघालो. पोचलो तेव्हा कळलं, तो बेड दिवेलागणीलाच भरला होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं, निरोप शिळा होता. दुसऱ्या गावचा बेड मिळेपर्यंत पावणेदोन तास मी गाडीत अंबूबॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलो. लेकरू वाचलं. पण त्या रात्रीपासून ज्या आकड्यापुढे वेळ आणि नाव नाही, तो मी आकडा धरतच नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि भरणाऱ्याचं नाव ठेवा. नोंद पाळी बदलताना तर करायचीच, म्हणजे सकाळी, दुपारी आणि रात्री, पण मधेच रुग्ण दाखल झाला, हलला किंवा दगावला तर लगेच. ही नोंद आयसीयूतल्या इन्चार्ज सिस्टरने किंवा तिथल्या ड्युटी डॉक्टरने भरावी. ऑफिसातला माणूस फोन करून विचारतो, मग भरतो, आणि तेवढ्यात बेड गेलेला असतो. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ग्राँ-एस्त भागात कोविडने आयसीयू तुडुंब भरले, तेव्हा तिथल्या अतिदक्षता विभागांतले डॉक्टर स्वतःच मोबाइलवरून बेड भरत होते. मला त्यातली एवढीच गोष्ट उचलायची आहे : ज्याच्या डोळ्यांसमोर बेड आहे त्यानेच लिहायचं, आणि अर्ध्या मिनिटात होईल एवढंच लिहायचं. व्हेंटिलेटरसह, व्हेंटिलेटरविना, लहान मुलांचा, नवजात बाळाचा, डायलिसिस होऊ शकेल असा. रकाने एवढे पुरेत. जिल्ह्याच्या अहवालासाठी आणखी रकाने वाढवायचा आग्रह होईल. तो अहवाल वेगळा करा, नाहीतर आठवड्याभरात कुणी काहीच भरणार नाही.

नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे चालवू नका. तिथे सकाळचा 'एक बेड आहे' हा मेसेज शुभेच्छांच्या आणि फॉरवर्डच्या खाली जातो आणि रात्री कुणीतरी तोच वर काढतो. एकच सामायिक शीट ठेवा, त्यात जुन्या आकड्यावर नवा आकडा बसतो. फोन नंबर वॉर्डाचा असावा, कुणा डॉक्टरच्या खिशातला नको. तो मोबाइल आणि त्याचा चार्जर आयसीयूच्या टेबलालाच बांधून ठेवा. नेट गेलं तर साधा एसएमएस कुणाला करायचा, ते भिंतीवर लिहून लावा.

कोणाकोणाला जोडायचं ते जिल्ह्याच्या हद्दीवरून ठरवू नका, रस्त्यावरून ठरवा. धाराशिवचा रुग्ण सोलापूर गाठतो, हिंगोलीचा नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात जातो, केज-धारूरचा अंबाजोगाईच्या 'स्वाराती' मेडिकल कॉलेजात किंवा लातूरला, जालन्याचा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. महसूल विभाग बदलला म्हणून सोलापूर यादीबाहेर ठेवलं तर धाराशिवच्या डॉक्टरला यादीचा काहीच उपयोग नाही. प्रत्येक रुग्णालयापुढे किलोमीटर लिहू नका, गाडीला लागणारा वेळ लिहा, आणि तोही खरा. धारूरचा घाट रात्री पावसात वेगळा असतो आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना वेगळा.

बेड दिसला म्हणजे मिळाला, असं नाही. निघण्याआधी डॉक्टरने डॉक्टरशी बोलायचंच. समोरच्याने हो म्हटलं की त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, आणि त्याने शीटवर तो बेड 'राखीव' करावा. किती वेळ राखायचा हेही आधीच ठरलेलं असू द्या : ठरलेल्या वेळात गाडी निघाली नाही तर पाठवणाऱ्याने स्वतःहून बेड सोडल्याचं कळवायचं. १०८ ला फोन करताना रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे साधी गाडी येणार नाही.

ऑक्सिजनचा हिशेब तोंडी करू नका, कागदावर मांडा. भरलेल्या छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटर दिले तर अडीच तास, आणि हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, ६० लिटर जात असतील तर जेमतेम २५ मिनिटं. प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट पुरेल एवढा घ्या. रस्त्यात टायर फुटतो, फाटक लागतं.

सोबतच्या चिठ्ठीत हे लिहा : रुग्ण विषारी औषध प्यालेला असेल तर कोणतं कीटकनाशक, बाटली सापडली असल्यास ती सोबत, ॲट्रोपिन (अशा विषबाधेवरचं इंजेक्शन) आतापर्यंत किती गेलं आणि शेवटचं कधी. साप चावलेल्याला अँटिव्हेनमच्या किती व्हायल. नळी कितव्या नंबरची आणि ओठाजवळ किती सेंटिमीटरवर बांधलीय. शीटवर मात्र रुग्णाचं नाव, गाव, फोटो काहीही नको, वय आणि निदान पुरे. नाव फक्त दोन डॉक्टरांच्या फोनवर. छोट्या गावात विष प्यायल्याची बातमी घरच्यांच्या आधी पारावर पोचते, आणि तो माणूस बरा होऊन त्याच गावात परत राहणार असतो.

नातेवाइकांना इमारत, मजला आणि तिथल्या डॉक्टरांचं नाव लिहून द्या. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागेल हे सांगा, पण कागदांसाठी गाडी थांबवू नका. एकाने मागून घेऊन यावं.

सगळं जुळलं असं वाटलं की एखाद्या रात्री अडीच वाजता शीटवरच्या प्रत्येक नंबरला फोन लावून बघा. जिथे उचलला गेला नाही, तिथले बेड नंबर सुधारेपर्यंत यादीत धरू नका.

आणि एक रकाना तालुक्याच्या बाजूने ठेवा : 'परत घेऊ शकतो'. व्हेंटिलेटरवरून निघालेला, आता फक्त ऑक्सिजन आणि निगराणी लागणारा रुग्ण मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत दिवस काढतो, कारण त्याला परत कुठे पाठवायचं ते तिथल्यांना ठाऊक नसतं. आम्ही त्याला घेऊ शकतो, त्याच्या घरच्यांचं भाड्याच्या खोलीत राहणंही वाचतं. परतीची गाडी कुणाची, सोबत कोण येणार आणि उरलेली औषधं किती दिवसांची द्यायची, एवढं तेवढं पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.