जिगसॉ घेताना वॅट मोजत बसू नका : या चुका टाळा

जिगसॉ म्हणजे वर-खाली होणाऱ्या अरुंद पात्याची, हातात धरायची विजेची करवत. तिच्याबद्दल घरगुती सुतारकाम करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या: काप तिरका जातो, सनमायकाचे टवके उडतात. खापर मशीनवर फुटतं, पण गोम बहुतेकदा पात्यात असते.

नुसते वॅट बघून घेणे. 18-19 मिमी प्लायला 500-600 वॅट पुरतात. दुकानात त्यापेक्षा तळपट्टी, म्हणजे मशीन फळीवर टेकते ती सपाट पट्टी, हलवून बघा. ती पत्र्याची, डुगडुगणारी असेल तर काप सरळ येणारच नाही. वेग कमीजास्त करण्याची सोय हवी, आणि पातं टी-बुडाचं (मशीनमध्ये अडकणारं टोक इंग्रजी T च्या आकाराचं) बसायला हवं. जुन्या यू-बुडाची पाती आता शोधावी लागतात. मशीनवर सूट मिळवून पात्यांसाठी वणवण करण्यात काय हशील?

सगळ्याला एकच पातं. सोबत आलेलं पातं बहुधा मोठ्या दातांचं असतं. ते भराभर कापतं, पण कडा ओरबाडतं. प्लायच्या स्वच्छ कापासाठी टी101बी या क्रमांकाचं पातं घ्या, गोलाईसाठी अरुंद टी101एओ. नेहमीचं पातं वर येताना कापतं, म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. मग सनमायका खाली ठेवून मागच्या बाजूने कापा. सिंकसाठी ओट्याची फळी कापताना ते जमत नसेल, तर उलट्या दातांचं टी101बीआर लावा. ते मशीनला वर ढकलतं, तेव्हा तळपट्टी घट्ट दाबून धरा. रेघेवर मास्किंग टेप लावल्यानेही फरक पडतो.

पेंडुलमचा खटका न बघणे. पातं वर-खाली होताना पुढे-मागे किती झुलेल, हे बाजूचा 0 ते 3 आकड्यांचा खटका ठरवतो. त्याला अनेकजण हातही लावत नाहीत. 3 वर काप झपाट्याने होतो, पण खडबडीत. सनमायका, गोलाई आणि पत्र्यासाठी 0.

मशीन रेटणे. जाड लाकडात रेटलं की पात्याचं खालचं टोक बाजूला वाकतं. वरून काप रेघेवर दिसतो, फळी उलटी केली की चार मिलिमीटर सरकलेला! पेंडुलम कमी करा, मशीनला तिच्या चालीने जाऊ द्या. पातं तळपट्टीशी काटकोनात आहे ना, हे सुरुवातीलाच गुण्या लावून बघा. धूर येत असेल किंवा कड काळी पडत असेल तर पातं बोथट झालंय. बदला, कंजूषपणा नको.

राहिला आठ बाय चारचा अख्खा प्लाय उभा चिरण्याचा प्रश्न. ते जिगसॉचं काम नव्हे. बरेच प्लायवाले थोडे पैसे घेऊन मोठ्या मशीनवर कापून देतात, तिथेच कापून आणा.