तापणाऱ्या रिचार्जेबल सेलवर सापडलेला उपाय
आईच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रातील निकेल-मेटल हायड्राइडचे डबल-ए सेल रात्रभर चार्ज करूनही लवकर उतरत आणि काढताना हाताला चटका बसे. जुना चार्जर सेल जोडीने भरत असे व ठरावीक वेळ प्रवाह देतच राही, त्यामुळे जोडीतील आधीच अर्धवट भरलेला सेल गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापे. म्हणून प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र लक्ष ठेवणारा आणि सेल भरताच व्होल्टेजमध्ये येणारी किंचित घट ओळखून थांबणारा स्मार्ट चार्जर घेतला. २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेच्या सेलला मी ५०० मिलीअँपिअर प्रवाह देतो. साधारण पाच तास लागतात, पण सेल कोमटच राहतो. (प्रवाह फारच कमी ठेवला, तर ती घट चार्जरला नीट ओळखता येत नाही.) साधे अल्कलाइन किंवा लिथियम सेल मात्र या चार्जरमध्ये कदापि घालू नयेत.