गन्स अँड रोझेस पुन्हा आले, तर उभं कुठे राहायचं?

१७ मे २०२५ला हा अमेरिकन रॉक बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. पुन्हा आला, तर स्टेजला चिकटण्याचा हट्ट सोडा. तिथून गिटारवाल्या स्लॅशची उंच टोपी छान दिसते, पण कानावर नुसते ड्रम्स आदळतात. त्यापेक्षा साऊंडवाल्याचा तंबू शोधा आणि त्याच्या जरा पुढे, मधोमध उभे राहा. तो माणूस तिथूनच ऐकून सगळ्या वाद्यांचा मेळ बसवतो, त्यामुळे गिटार आणि गायक अ‍ॅक्सलचा आवाज सुटा सुटा कळतो. मी उंचीने बेताची, तरी हीच जागा धरते. डोकी दिसतात, दिसू देत.

फोमचे इअरप्लग घ्याच. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचे. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मुदत जेमतेम १५ मिनिटं, आणि हे तर तीन-तीन तास वाजवतात! हसणारे हसोत.

काळा टी-शर्ट सुतीच, बूट जुनेच. परतीची गाडी आधी बघून ठेवा. महालक्ष्मीला फास्ट लोकल थांबत नाही, स्लो पकडून दादरला बदला.