फ्री डिशची छत्री बसवताना या चुका टाळा

डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह टीव्ही सेवेला मासिक शुल्क नसते. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, संकेत पकडणारा भाग), केबल आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घेतले की पुढे खर्च उरत नाही, म्हणून डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आजही खेड्यापाड्यांत आणि शहरांतील चाळींत टिकून आहे. मात्र पुढे खर्च नाही म्हणून बसवणीकडेही कोणी नीट लक्ष देत नाही, आणि पावसाळा सुरू झाला की त्याच त्या तक्रारी ऐकू येऊ लागतात. छत्र्या बसवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात मला वारंवार दिसलेल्या चुका येथे लिहीत आहे.

एक चूक खरेदीच्याही आधी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा जुना अँटेना माळ्यावर पडलेला असतो आणि तोच छपरावर चढवून दूरदर्शन दिसेल अशी आशा पुष्कळांना असते. दूरदर्शनने आपले ॲनालॉग प्रक्षेपक आता जवळपास सगळे बंद केले आहेत. जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत सुरू झाले आणि त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद ही दोनच शहरे होती. त्यासाठीही तसा ट्यूनर लागतोच. त्यामुळे गावाकडच्या घराला छत्री हाच मार्ग आहे.

तो अँटेना गेला, पण त्याच्यासोबत आलेली समजूत गेली नाही. जितके उंच तितके चित्र चांगले, ही ती समजूत. मनोऱ्यावरून आडव्या येणाऱ्या लहरींच्या वाटेत टेकड्या, झाडे आणि इमारती येत असत, म्हणून त्या काळी उंच पाइप उभारण्यात अर्थ होता. फ्री डिशचे प्रक्षेपण करणारा जीसॅट-१५ हा उपग्रह मात्र विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून येणाऱ्या लहरीला आपल्या पाइपाच्या दहा-बारा फुटांनी काहीही फरक पडत नाही. छत्रीसमोर आग्नेयेचे आकाश मोकळे असावे, एवढीच अट आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कौलारू घरी याच समजुतीने केलेली बसवणी मी पाहिली. ज्याने ती केली होती त्याने छपराच्या वर चार मीटर पाइप काढला होता, खालचा भाग वाशाला तारेने आवळला होता आणि शेंड्यावर दोन फुटी छत्री बसवली होती. उन्हाळाभर चित्र उत्तम होते. आषाढ लागताच चित्राचे चौकोन पडू लागले, आवाज तुटू लागला आणि घरच्यांनी सगळा दोष पावसाला दिला. बॉक्स बदलून झाला, एलएनबी बदलून झाला, तरी फरक पडला नाही. मी गेलो त्या दिवशी पाऊस अजिबात नव्हता, फक्त समुद्रावरून वारा सुटला होता, आणि तरीही वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर बॉक्सच्या पडद्यावरील, संकेताची प्रत दाखवणारी क्वालिटीची पट्टी खाली जाऊन पुन्हा वर येत होती. रात्री वारा पडून सरळ पाऊस लागला की चित्र बरे असते, असे घरातील आजींनी सांगितले आणि निदान तिथेच झाले. दोन फुटी छत्रीचा झोत, म्हणजे आकाशाचा जेवढा पट्टा तिला नीट दिसतो तो, साधारण तीन अंशांचा असतो, म्हणजे नेम दीड अंश चुकला की संकेत निम्मा होतो. चार मीटर पाइपाचा शेंडा दहा सेंटीमीटर हलला तरी सुमारे दीड अंशाचा फरक पडतो. वाऱ्यात तो शेंडा त्याहून कितीतरी जास्त झुलत होता.

ती छत्री खाली उतरवून आम्ही गोठ्याशेजारी सिमेंटच्या ओट्यावर, कमरेएवढ्या उंचीवर बसवली. समोरच्या माडांची घरच्यांना धास्ती होती. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून हा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर दिसतो, त्यामुळे समोरची वस्तू छत्रीपासून जितक्या अंतरावर आहे त्याच्या दीडपटीपेक्षा कमी उंच असेल तर ती आड येत नाही. उंची छत्रीपासून वर मोजायची. दहा मीटरवरचा माड छत्रीच्या पंधरा मीटर वर गेला तरच विचार करावा लागतो. ही छत्री ऑफसेट जातीची, म्हणजे एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असलेली, असल्याने तिचा चेहरा वाटतो त्याहून तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते आणि नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. जिथे हात पोहोचतो, जिथे पक्की भिंत किंवा ओटा आहे, तिथेच छत्री बसवावी, असे माझे ठाम मत आहे. कौलांवर चढून पाय घसरलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि टीव्हीसाठी कोणी ती जोखीम घ्यावी हे मला पटत नाही.

आता आकाराबद्दल. ६० सेंटीमीटरची छत्री देशावर आणि विदर्भात पुरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर थोडे पैसे वाचवण्यासाठी ती घेणे चूक आहे. या लहरींना पावसाचे थेंब शोषतात, त्यामुळे हाताशी जादा संकेत असावा लागतो, आणि ९० सेंटीमीटरच्या छत्रीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने तो मिळतो. ढगफुटीसारख्या पावसात तीही थोडा वेळ हार मानेल, पण रोजच्या सरींत चित्र टिकेल. मोठ्या छत्रीचा झोत मात्र अरुंद असतो आणि तिला वाराही अधिक लागतो, म्हणून तिचा नेम आणि पाया दोन्ही अधिक काळजीने करावे लागतात.

दुसरी मोठी चूक नेमाची, आणि तिचे मूळ उतावळेपणात आहे. शेजाऱ्याची छत्री जिकडे तिकडे आपली, असे करून भागत नाही, कारण शेजाऱ्याची सेवा वेगळ्या उपग्रहावर असू शकते. मुंबईहून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सुमारे १३१ अंशांवर येते, तर ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाची सुमारे १५१ अंशांवर. नागपूरहून जीसॅट-१५ साठीच १४४ ते १४५ अंश धरावे लागतात आणि उंची, म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन, ६० अंशांच्या आसपास जाते. मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी पाइपाला चिकटवून वाचणारे लोक मला नेहमी भेटतात. तसे वाचन निरुपयोगी असते. मी पाइपापासून दहा पावले दूर जाऊन दिशा घेतो, त्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा देवळाचे शिखर हेरून ठेवतो आणि मग छत्री त्या खुणेकडे वळवतो.

त्याआधी पाइप ओळंब्यात असला पाहिजे. या एका कामाला कंटाळणारा माणूस पुढे तासभर उगाच झगडतो, कारण पाइप कलता असेल तर छत्री आडवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि कशाने काय झाले ते कळत नाही. पाइप सरळ करून, उंची ठरवून मग छत्री बोटभर फिरवावी आणि थांबावे. डिजिटल बॉक्सला संकेत पकडायला काही क्षण लागतात. भराभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो आणि मग तो छत्रीत दोष शोधू लागतो.

बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. पाहायची ती क्वालिटी. एलएनबी नुसता जोडला, तरी त्याच्या स्वतःच्या गोंगाटाने स्ट्रेंथची पट्टी बरीच भरते, मग छत्री आकाशात कुठेही वळलेली असो. बीप वाजवणाऱ्या स्वस्त सॅट फाइंडरचेही तसेच आहे. कोणताही उपग्रह सापडला की तो वाजतो. ९३.५ च्या शेजारीच ९५ अंशांवर एसईएस-८ आहे आणि नवखा माणूस अनेकदा त्यावरच थांबतो. स्वयंचलित शोधात वाहिन्यांची भलीमोठी यादी आली पण चित्र एकाचेही उघडत नाही, असे दिसले तर बहुधा हेच घडले आहे. तेव्हा छत्री किंचित दक्षिणेकडे आणि किंचित वर न्यावी. क्वालिटी मिळाल्यावर एलएनबी त्याच्या कड्यात सावकाश फिरवून ती आणखी वाढते का ते पाहावे, कारण एलएनबीचा योग्य कल कोकणात आणि विदर्भात सारखा नसतो. शेवटी बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत आणि त्या वेळीही नजर पट्टीवरच ठेवावी. एकच बोल्ट एकदम कसला की साधलेला नेम सरकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. बॉक्समध्ये एलएनबीची फ्रीक्वेन्सी ५१५० ठेवलेली असेल तर काहीच दिसणार नाही, कारण तो आकडा सी-बँड या वेगळ्या लहरींच्या पट्ट्यासाठी आहे. फ्री डिशला युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००, हा पर्याय निवडावा. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती आहेत; एमपेग-२ च्या जुन्या बॉक्सवर एमपेग-४ मधील वाहिन्या दिसत नाहीत, त्याला छत्री फिरवणे हा उपाय नाही. दोन टीव्हींसाठी केबलवाल्यांचा स्प्लिटर लावू नये. ट्विन एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल द्यावी. पोचा आलेली छत्री ठोकून सरळ होत नाही. एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशीने मातीचे घर केले असेल तर ते काढावे, पण तोंडाचे प्लॅस्टिकचे झाकण काढू नये.

केबलबद्दल मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिथली काटकसर सर्वांत महाग पडते. एलएनबीकडून बॉक्सकडे येणारा संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो आणि जुन्या केबल टीव्हीच्या बारीक तारेत तो वाटेतच विरतो. चांगली आरजी-६ केबल घ्यावी, ती ३० मीटरच्या आत ठेवावी आणि मध्ये जोड देऊ नये. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर घट्ट बसवून त्यावर रबरी आवरण चढवावे. नुसती काळी चिकटपट्टी उन्हात वितळते आणि पहिल्याच पावसात पाणी तारेच्या जाळीतून घरापर्यंत उतरते. चित्र दिवसेंदिवस बिघडत जात असेल तर मी प्रथम एलएनबीकडचा कनेक्टर उघडून पाहतो. आतली तांब्याची तार हिरवट आणि जाळी काळवंडलेली दिसली तर वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावावा, आणि तिथेही ओल दिसली तर पूर्ण केबल बदलावी. नवीन केबल भिंतीतून आत घेताना बाहेरच्या बाजूला छिद्राच्या खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी घरात न शिरता तिथेच गळून जाते.