पायपर कब: बॅटरी नसलेलं विमान चालवायची रीत

माझं पायपर जे-३ कब १९४६ सालचं आहे. त्यात बॅटरी नाही, स्टार्टर नाही, दिवा नाही. इंजिन कॉन्टिनेंटलचं, ६५ अश्वशक्तीचं, आणि ते हाताने पंखा (प्रोपेलर) ओढूनच सुरू होतं. १९३८ ते १९४७ या काळात अशी जवळजवळ २०,००० विमानं बनली, आणि त्यांतली बरीच आजही उडतात. पहिल्यांदा कब हाती घेणाऱ्याला मी एकच सांगते: हे विमान आपणहून काही कळवत नाही. तुम्हीच जाऊन बघायचं, हात लावून बघायचं, कान देऊन ऐकायचं. खाली मी माझी रीत सांगते आहे. पंखा ओढणं मात्र वाचून शिकायची गोष्ट नाही. जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच शिका.

सुरुवात पंखांखालच्या तिरक्या दांड्यांपासून करा. पंखाचा भार त्या पेलतात. जुन्या दांड्या आतून पोकळ असतात, पाणी खालच्या टोकाला साचतं आणि गंज आतून धरतो, त्यामुळे बाहेरचा रंग चकचकीत असला तरी त्याला काही अर्थ नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाने या दांड्यांच्या तपासणीचा आदेशच काढलेला आहे. विमान विकत घेत असाल तर त्या तपासणीचे कागद आधी मागा, इंजिनाचे नंतर. मग कापड. पंखांच्या वरच्या बाजूला ऊन जास्त लागतं, म्हणून अंगठा तिथे दाबून बघा. ढोलकीसारखं ताठ लागलं पाहिजे. शेपटीच्या ताणतारा, शेपटीच्या चाकाच्या स्प्रिंगा, चाकांना तोलणारे रबरी दोर, सगळं बोटांनी चाचपा. इंजिनच्या झाकणाखाली पक्ष्याचं घरटं नाही ना, हे मी टॉर्च घेऊन बघते. दोनदा सापडलं आहे.

इंधनाची टाकी समोरच्या काचेपुढे, नाकात. १२ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण ४५ लिटर. पंप नाही, इंधन आपल्या वजनाने खाली उतरतं. टाकीत बुचाचा तरंगणारा तुकडा असतो, त्याला लावलेली तार झाकणाच्या भोकातून वर डोकावते, आणि तार जितकी वर तितकं इंधन जास्त. हवेत ती सतत हलत असते. हलायची थांबली तर एकतर टाकी संपत आली किंवा तार अडकली. तासाला १५-१६ लिटर लागतं, म्हणून मी घड्याळ लावते आणि दोन तासांत जमिनीवर येते, तार काहीही म्हणो. निघण्यापूर्वी टाकीच्या खालच्या गाळणीतून थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

आता पंखा. जमीन कोरडी आणि घट्ट हवी. ओल्या गवतावर किंवा खडीवर पाय सरकतो. चाकांपुढे लाकडी ठोकळे, शेपटी दोरीने बांधलेली, आत स्टिक (विमान हाकायचा दांडा) पोटाशी धरून ब्रेक दाबून बसलेला माणूस, आणि तो माणूस विमान ओळखणारा हवा. कबचे ब्रेक टाचेने दाबायचे असतात, नवख्याला ते सापडतही नाहीत. गळ्यात ओढणी, मफलर, लोंबणारं काही नको. तळवे पात्यावर सपाट ठेवा, बोटं कडेवर वळवू नका, आणि खाली ओढतानाच शरीर मागे जाईल असं पाऊल टाका.

बोलणं ठरलेलं असावं. बाहेरचा म्हणतो, ‘स्विच ऑफ’. आतला आधी स्विच बघतो, मग तेच शब्द परत म्हणतो. पातं चार वेळा सावकाश ओढून सिलिंडरमध्ये इंधन घ्यायचं. मग बाहेरचा ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतो. इथे क्रम उलटा: आतला आधी ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतो आणि मगच स्विच फिरवतो, म्हणजे तो शब्द ऐकू येण्याआधी पंखा कधीच जिवंत नसतो. निदान नसावा. खरं तर तो कायम जिवंत आहे असंच धरून चालायचं, आणि त्याला कारण आहे.

मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनला ठिणगी देणारा भाग; या इंजिनला असे दोन आहेत. मॅग्नेटो बंद करतो म्हणजे एका वायरने तो जमिनीशी, म्हणजे इंजिनच्या धातूशी जोडतो. ती वायर तुटली तर स्विच ‘ऑफ’ दाखवतो आणि मॅग्नेटो ठिणगी देतच राहतो. त्यात माझ्या कबच्या इंजिनला इंधन-हवेचं मिश्रण तोडून बंद करायची सोय नाही, ते स्विचनेच बंद होतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरू शकतं. एका संध्याकाळी मी स्विच ऑफ केला आणि इंजिन चालूच राहिलं. इंधनाचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत बसून राहिले. मॅग्नेटोच्या टोकाला वायर तुटलेली निघाली. मला जास्त लागलं ते वेगळंच: त्याच दिवशी सकाळी उड्डाणापूर्वीच्या तपासणीत एका मॅग्नेटोवर फेऱ्यांचा आकडा अजिबात उतरला नव्हता, आणि मी खूश झाले होते. एकेका मॅग्नेटोवर इंजिन थोडं मंदावलंच पाहिजे, मिनिटाला ५० फेरे म्हणा, ७५ म्हणा. शंभराच्या वर उतार वाईट, पण शून्य उतार म्हणजे दुसरा मॅग्नेटो बंदच झालेला नाही. तेव्हापासून इंजिन थांबवण्यापूर्वी, अगदी मंद चालीवर, मी क्षणभर स्विच ऑफ करते. आवाज तुटला की परत ऑन, आणि मग शांतपणे बंद.

इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब दिसला पाहिजे, नाहीतर बंद करा. एकटे असाल तर मागच्या सीटवर बसा. विमानाचा तोल त्यासाठीच बसवलेला आहे. जमिनीवर असताना नाक वर असल्याने समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी चाला. वारा पुढून असेल तर स्टिक वाऱ्याकडे, मागून असेल तर पुढे आणि वाऱ्यापासून दूर.

उड्डाण सोपं आहे. थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडा. नाक डावीकडे ओढतं आणि शेपटी उचलताना आणखी ओढतं, तेव्हा उजवा पाय तयार ठेवा. ताशी ४० मैलांच्या आसपास विमान स्वतःच जमीन सोडतं, ५५ ला चढतं, ७५ ला आरामात चालतं.

हवेत लक्ष कार्बोरेटरच्या बर्फाकडे. या इंजिनचा कार्बोरेटर खाली लोंबतो, त्याला इंजिनची ऊब फारशी मिळत नाही. बाहेर २० अंश तापमान असलं तरी दमट हवेत आत बर्फ धरतो, कारण बाष्प होणारं इंधन हवेची उष्णता ओढून घेतं. खूण एकच: थ्रॉटल न हलवता फेरे कमी होत जातात. गरम हवेचा खटका पूर्ण ओढा. आधी इंजिन खोकेल, आणखी मंदावेल, आणि तिथेच नवखा माणूस घाबरून खटका परत ढकलतो. ढकलू नका. बर्फ वितळून पाणी आत जात असतं, थोड्या वेळाने फेरे परत चढतात. उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच मी हा खटका ओढते.

उजवीकडचं दार दोन भागांत उघडतं आणि उडताना उघडं ठेवता येतं. हे नुसतं दृश्यासाठी नाही. वेग फार कमी होऊन पंख हवा सोडायच्या बेतात आले की खालची लोंबणारी झडप आपोआप वर तरंगू लागते. यालाच स्टॉल म्हणतात, तो सुमारे ३८ मैलांना. डोळ्याच्या कोपऱ्यात झडप हलली की स्टिक पुढे.

लँडिंगला मात्र वेळ द्या. विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. पिसं पुढे करून बाण फेकला तर तो उलटा व्हायला बघतो. धावपट्टीवर कबचं तेच चाललेलं असतं. शेपटी जरा बाजूला गेली की आणखी जायला बघते, आणि मग विमान स्वतःभोवती गिरकी घेतं, पंख जमिनीला लागतो. उपाय लहान लहान पावलांत आहे: पेडलवर पाय सतत हलते ठेवा, चूक डोळ्यांना दिसण्याआधी दुरुस्त करा. तिरका वारा असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून, विरुद्ध रडरने (पेडलने हलणाऱ्या शेपटीच्या पात्याने) नाक सरळ धरून, आधी एकच चाक टेकवा. तिन्ही चाकं एकदम टेकवायची असतील तर जमिनीलगत स्टिक हळूहळू मागे घेत राहा आणि टेकल्यावर पोटाशीच धरून ठेवा. नजर दोन्ही कडांवर, दूर. माझा सगळ्यात वाईट प्रसंग लँडिंग छान झाल्यावर, चालण्याच्या वेगाला आल्यावर घडला होता, कारण मी पाय ढिले सोडले होते.

हँगरपाशी आल्यावर मॅग्नेटोची ती क्षणाची तपासणी, मग स्विच ऑफ, इंधन बंद. उतरल्यावर मी स्विच पुन्हा एकदा बाहेरून वाकून बघते. पोटाखालचं तेल फडक्याने पुसते, म्हणजे पुढच्या वेळी नवी गळती कुठून आली ते कळतं. किती मिनिटं उडाले आणि किती इंधन भरलं ते वहीत लिहिते, आणि पंख व शेपटी दोरांनी बांधून ठेवते.