दिवाळीच्या सुमारास पालकाची रोपं कशी तयार करावीत आणि विकावीत

"पालकाचं रोप कोनी विकत घेते का बाई? बी फेकलं का येते." आठवडी बाजारात दर हंगामात हे ऐकावं लागतं. बोलणाऱ्याने परसबागेत कधी हात घातलेला नसतो. आपल्या काळ्या मातीत बी टाकलं, वरून परतीच्या पावसाची सर आली आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, की मातीवर कडक पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच दबतो. चुकून वर आलेलं कोंबड्या उकरतात. म्हणून दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत पालकाच्या रोपांना गिऱ्हाईक असतंच.

ट्रे ९८ कप्प्यांचा घ्या. दोन हिस्से धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक हिस्सा चाळलेलं गांडूळखत, त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळं सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. शेतातली काळी माती ट्रेत अजिबात नको. ट्रेवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधा.

बी देशी पालकाचं घ्या, ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती. विलायती पालकाचं पाकीट दिसायला छान असतं, पण तापलेल्या मातीत ते बी उगवायला तयारच नसतं. थंडी नीट पडल्यावर त्याचा विचार करा.

उगवण: सगळं इथेच अडतं

याच टप्प्याने मलाही सुरुवातीची वर्षं रडवलं, म्हणून सविस्तर सांगते. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दुपारचा पारा तिशीच्या वर असतो. देशी पालक एवढी गरमी सोसतो, पण उगवण विरळ होते. अर्धा ट्रे रिकामा राहिला की लोक बियाणेवाल्याला दोष देतात. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं.

पालकाचं जे खडबडीत बी आपण पेरतो, ते खरं तर दोन-तीन बियांचं सुकलेलं फळ असतं. त्याच्या टणक सालीत उगवण रोखणारे पदार्थ असतात आणि ते पाण्यात उतरतात. बी भिजवल्यावर पाणी तांबूस होतं, ते यामुळेच. म्हणून संध्याकाळी बी भिजवा, झोपण्यापूर्वी ते पाणी ओतून टाका आणि ताजं घाला. सकाळी पुन्हा दोन पाण्यांनी खळखळून धुवा. बियांना रंगीत औषध चोळलेलं असेल, तर हे पाणी गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका आणि हात साबणाने धुवा.

"चोवीस तास, छत्तीस तास भिजवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. रात्रभर पुरे. त्याहून जास्त वेळ पाण्यात बुडालेलं बी हवेवाचून गुदमरतं आणि सडतं. गरम पाण्यात टाकण्याचा सल्लाही तसलाच. आधीच उन्हाने बेजार झालेल्या बियाला आणखी ऊब कशाला?

धुतलेलं बी ओल्या सुती फडक्यात सैल बांधून माठाशेजारी ठेवा. फडकं ओलसर हवं, पिळल्यावर पाणी गळेल इतकं ओलं नको. सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. बियाला पांढरं टोक दिसलं की त्याच संध्याकाळी ट्रेत लावा. एक दिवस जरी थांबलात, तरी मुळं फडक्यात गुंततात आणि सोडवताना तुटतात. एका कप्प्यात एकच बी, बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल. लावणी दिवस कलल्यावरच करा, म्हणजे कोंबाला पहिली रात्र थंड मिळते.

मग ट्रेवर ओलं गोणपाट. पहिले हिरवे ठिपके दिसले की गोणपाट तत्काळ काढा. "अजून थोडे येऊ दे" म्हणून ठेवलं, तर रोपं पांढरी, लांबुडकी होतात आणि हात लागताच लोळतात. असली रोपं सुधारत नाहीत, फेकून द्या.

उगवल्यानंतर पाणी सकाळीच द्या, बारीक झारीने. संध्याकाळी भिजलेला ट्रे रात्रभर ओला राहतो आणि रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. आडवी पडलेली रोपं त्यांच्या कप्प्यातल्या कोकोपीटसकट बाहेर काढा आणि त्या दिवशी पाणी तोडा. रोपं पिवळी वाटली म्हणून युरियाचं पाणी ओतणारेही पाहिले आहेत. कोवळी मुळं त्याने जळतात.

एका कप्प्यात दोन-तीन रोपं दिसतील. जोमदार एक ठेवा, बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारचं मूळही हलतं.

शेवटचे चार-पाच दिवस सकाळचं ऊन दाखवा.

विक्री

साधारण तीन आठवड्यांत तीन-चार पानं येतात, तेव्हाच विका. पालकाचं मूळ सरळ खाली जातं आणि ते उघडं पडलेलं त्याला चालत नाही. वांग्याच्या रोपांसारखी उपटून जुडी बांधलीत, तर गिऱ्हाईक घरी पोहोचेपर्यंत माना पडतात. रोप मुळांभोवतीच्या कोकोपीटच्या गड्ड्यासकटच द्या. मी पळसाच्या पानात गुंडाळून देते. प्लास्टिकच्या पिशवीत रोपं वाफाळतात. लावताना दोन रोपांत वीतभर अंतर ठेवायला सांगा.

भाव ठरवताना पेरलेल्या बियांवर हिशेब करू नका, विकण्याजोग्या रोपांवर करा. सगळे ट्रे एकाच दिवशी लावण्यापेक्षा दर बाजाराच्या मागेपुढे थोडे थोडे लावा. जोडीला कोबी, टमाटर, वांग्याची रोपं ठेवलीत, तर पालक त्यांच्याबरोबर सहज खपतो. नुसत्या पालकाच्या रोपांसाठी कोणी बाजारात येत नाही.

पाच-सहा पानं फुटली आणि मुळांनी गड्डा गच्च वेढला, की ती रोपं स्वस्तातही देऊ नका. घरी डाळभाजीत टाका. जानेवारी सरल्यावर तर कोणी मागितली तरी नाही म्हणा. ऊन वाढलं की पालक पानं धरण्याऐवजी फुलाचा दांडा धरतो, आणि पुढच्या बाजारात बोल रोपवालीला बसतात.